मदत हवी आहे: आमदारांनी साकवासाठी पत्र दिलं, पुढे काय करायचं?

रत्नागिरी जिल्ह्यातली आमची वाडी. ओढ्यावरचा साकव गेल्या पावसात खचला. शाळेची पोरं आणि म्हातारी माणसं तिथूनच येतात-जातात, दुसरी वाट जवळपास तीन किलोमीटरची आहे.

आमदार वाडीत आले होते. तासभर बसले, स्वतः ओढ्यापर्यंत चालत गेले, आणि आमदार स्थानिक विकास निधीतून काम घ्यावं असं शिफारसपत्र दिलं. त्याबद्दल मनापासून आभार. पण पाच महिने झाले, काम हललेलं नाही.

आतापर्यंत केलेलं: २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घेतला, फोटो आणि सह्यांचं निवेदन दिलं. पंचायत समिती म्हणते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात विचारा, तिथे म्हणतात रस्ता २३ नंबरला (ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत) नोंदलेला नाही. ओढ्यालगतच्या दोन जमीनमालकांपैकी एकाचं संमतिपत्र मिळालंय, दुसरे मुंबईत असतात, त्यांचा नकार नाही.

निधीतल्या कामाला मंजुरी जिल्हाधिकारी देतात, एवढं माहीत आहे. माहिती अधिकाराचा अर्ज अजून टाकलेला नाही. कोणाशी वाद घालायचा नाही, पावसाआधी साकव व्हावा इतकंच.

पुढच्या महिन्यात आमदार तालुक्याला लोकांना भेटणार आहेत. फार तर पाच मिनिटं मिळतील. ज्यांनी असं काम करून घेतलंय त्यांनी सांगा: २३ नंबरची नोंद आधी व्हावीच लागते का, की ग्रामसभेचा ठराव आणि संमतिपत्रांवर अंदाजपत्रक तयार होतं? आणि त्या पाच मिनिटांत आमदारांकडे नेमकं काय मागावं?