एसीएल दुसऱ्यांदा तुटलं: एका टप्प्यात ऑपरेशन की दोन?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारतेय. वय २३, कबड्डीत चढाई करतो. काही वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं एसीएल (सांध्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारं लिगामेंट) तुटलं, तेव्हा मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) ग्राफ्ट म्हणून, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटच्या जागी, घालून दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. नेटाने व्यायाम करून तो पुन्हा मैदानात उतरला आणि यंदा पकडीतून सुटताना गुडघा परत पिरगळला. सपाट रस्त्यावर चालतो, पण एसटीतून उतरताना दांडी घट्ट धरून उजवा पाय आधी टेकवतो, नाहीतर गुडघा सटकतो. एमआरआयमध्ये ग्राफ्ट पूर्ण तुटलेला, आतली गादीही फाटलेली.

एक डॉक्टर म्हणतात, वाटीखालचा टेंडन हाडाच्या तुकड्यांसकट घेऊन एकाच वेळी करून टाकू. दुसऱ्यांनी सीटी स्कॅन करायला लावला. त्यात मांडीच्या हाडातला जुना टनेल (ग्राफ्ट ओवायला हाडात पाडलेलं भोक) फार पुढे पाडलेला दिसला आणि नडगीतला रुंदावून १५ मिमी झालाय. त्यांचं म्हणणं, आधी स्क्रू काढून टनेलमध्ये हाड भरू, ते भरून यायला चार ते सहा महिने देऊ, मग नवीन लिगामेंट. मला हेच पटतं. एवढ्या रुंद टनेलमध्ये ग्राफ्ट धरणार कसा? भावाला मात्र हंगाम हातचा जाईल याचीच काळजी. मृत दात्याचा ग्राफ्ट नको यावर दोघांचं एकमत आहे, तरुण खेळाडूंमध्ये तो पुन्हा तुटण्याचा धोका जास्त म्हणून.

माझी खरी अडचण ग्राफ्टची आहे. वाटीखालचा टेंडन काढला की गुडघ्यावर टेकताना बऱ्याच जणांना दुखतं, आणि चढाईपटूचे गुडघे तर सतत मॅटवर आपटतात. मग वाटीच्या वरचा क्वाड्रिसेप्स टेंडन बरा का? तो घेतलेलं कुणी आहे इथे? मांडीची ताकद परत यायला किती वेळ लागला?

शिवाय गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जादा आधार देण्याची शस्त्रक्रिया, एलईटी, सोबत करावी का? २०२० च्या एका मोठ्या चाचणीत तरुणांमध्ये हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण त्यामुळे दोन वर्षांत ११ टक्क्यांवरून ४ वर आलं होतं, पण ते सगळे पहिल्यांदाच ऑपरेशन होणारे होते. आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या पृष्ठभागाचा मागे जाणारा उतार दोघांपैकी कुणीच मोजला नाही. तो १२ अंशांच्या वर असेल तर ग्राफ्टवर ताण येतो म्हणतात. त्यासाठी बाजूने काढलेला साधा एक्स-रे पुरतो का?

कोल्हापूर-सांगली-पुणे भागात अशी दुसऱ्यांदाची ऑपरेशनं नेहमी करणारे सर्जन माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुढच्या आठवड्यात निर्णय कळवायचा आहे.