मदत हवी आहे: पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा, अशा जागेत कोणती झाडं वर्षानुवर्षं टिकतील?

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. घराच्या पश्चिमेला भिंतीलगत लांबट पट्टा आहे, निव्वळ काळी कपाशीची माती. आषाढ-श्रावणात तिथं पाणी साचतं आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नवतप्यात पारा ४५ च्या आसपास, त्यात दिवसभर तापलेली भिंत. मे महिन्यात झाडांना फक्त न्हाणीचं पाणी, तेही उरलं तर.

माझा जीव वाळ्यावर आहे. मुळं खोल जातात, साचलेलं पाणी आणि कोरड दोन्ही सोसतो, शिवाय माठात टाकायला मुळं घरचीच. कर्दळ पावसात छान वाढेल, पण उन्हाळ्यात तिचे कंद जमिनीत जगतील का? बोगनवेलीला मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही, तिच्यासाठी मुरूम टाकून उंच वरंबा करावा म्हणतो. कण्हेर सगळ्यात काटक, पण विषारी. शेळ्या मोकळ्या असतात, घरात लहान पोर आहे, म्हणून ती नकोच.

काळ्या मातीत कुणी वाळा लावलाय का? दोन ठोंबांत अंतर किती ठेवलं? आणि शेळ्या तोंड लावणार नाहीत असं एखादं फुलझाड सुचवा. आईला देवासाठी रोज फुलं लागतात.