मालवणातली दोन मुलग्यांची लव्हस्टोरी लिहितोय, भेटवू कुठे?

रापणकर:
मी मूळचा मालवणचा, आता ठाण्यात. कादंबरीतला एक रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) जाणारा, दुसरा दशावतारात स्त्रीपार्टी करणारा. सहा प्रकरणं झालीत पण ते एकटे भेटणार कुठे तिथेच अडलोय, गावात सगळे सगळ्यांना ओळखतात ना. आणि शेवट रडका अजिबात नकोय मला.

माडाची सावली:
पावसाळा वापर की! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, रापणही थांबलेली, दशावतारवालेही तेव्हा घरीच. दोघं पडवीत एकाच जाळ्याची दोन टोकं धरून फाटलेलं विणत बसले तर कोणी वळूनही बघणार नाही. मग नारळी पौर्णिमा जवळ आली की मासेमारी परत सुरू होणार म्हणून आपोआप ताण येतो.

सावंतवाडीकर:
एक कळकळीने सांगते, बाईचं काम करतो म्हणून तो गे असं दाखवू नकोस रे. माझे काका आयुष्यभर द्रौपदी करायचे, त्यांना लोकांनी यावरून फार छळलंय. रापणवाल्यालाच आधी उमगू दे. पहाटे नाटक संपल्यावर काका खोबरेलाने रंग काढायचे, कानामागे थोडा राहायचाच. तो पुसणारा हात दाखव, बास.

निवांत:
साल ठरव आधी. ६ सप्टेंबर २०१८ च्या कलम ३७७ च्या निकालाआधीची, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा होता तेव्हाची भीती वेगळी होती.

रापणकर:
२०१९ चा पावसाळा धरतो. कानामागचा रंग घेऊ का ताई?

सावंतवाडीकर:
घे रे, काकांना आवडलं असतं.