न्यू जर्सी: टपाली मतपत्रिका नक्की कधीपर्यंत पोचवायची?

मृण्मयी_एडिसन
दिवाळीला पुण्याला निघतोय. २७ ऑक्टोबरचं विमान, परत १२ नोव्हेंबरला. २०२४ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं मतदान ५ नोव्हेंबरला. माझी आणि सासूबाईंची टपाली मतपत्रिका घरी आली आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या, नागरिकत्व मिळाल्यानंतरचं त्यांचं हे पहिलंच मतदान, त्यामुळे सगळ्या उमेदवारांचं वाचून मगच भरायचं म्हणतात. पुण्याहून कुरियरने पाठवली तर चालेल का? पेनसिल्व्हेनियातल्या फिलीतली (फिलाडेल्फियाची) मैत्रीण सांगते, ५ तारखेच्या आत पोचलीच पाहिजे. आमच्या कौंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) कागदावर मात्र ११ नोव्हेंबर छापलंय. खरं काय? नवऱ्याने टपाली मतपत्रिकेसाठी अर्जच केलेला नाही, त्यानेही मत द्यावं अशी फार इच्छा आहे.

रारिटनकाठ
दोन्ही खरं आहे, राज्यं वेगळी. आपल्याकडे न्यू जर्सीत पाकिटावर ५ नोव्हेंबरपर्यंतचा टपालाचा शिक्का हवा आणि ते सहा दिवसांत, म्हणजे ११ तारखेपर्यंत, कौंटीच्या बोर्ड ऑफ इलेक्शन्सकडे (निवडणूक मंडळाकडे) पोचायला हवं. कौंटीच्या मतपेटीत टाकणार असाल तर ५ तारखेला रात्री ८ वाजेपर्यंत.

पण पुण्याहून कुरियर कृपा करून नको. विमानाआधी इथेच भरा आणि कौंटीच्या मतपेटीत स्वतःच्या हाताने टाका. मतपत्रिका आतल्या पाकिटात. त्या पाकिटाला जोडलेला प्रमाणपत्राचा भाग फाडायचा नाही, त्यावर सही करायची, मग सगळं बाहेरच्या पाकिटात. सासूबाईंना भरायला तुम्ही मदत केलीत तर मदतनीस म्हणून तुमचीही सही लागते. त्यांचं पाकीट तुम्ही नेऊन टाकणार असाल तर ‘बेअरर’च्या (दुसऱ्याचं पाकीट नेणाऱ्याच्या) रकान्यात तुमचं नाव, पत्ता, सही.

सहीबद्दल कळकळीने सांगतो. नोंदणीच्या वेळी जशी केली तशीच हवी. आपल्या बऱ्याच ज्येष्ठांची बँकेत मराठी सही आणि इथे इंग्रजी. जुळली नाही तर कौंटी पत्र पाठवून दुरुस्तीची संधी देते, पण ते पत्र एडिसनच्या घरी येणार आणि तुम्ही असणार पुण्यात.

स्नेहल_प
मी पेनसिल्व्हेनियात. इथे शिक्क्याला काही किंमत नाही. ५ तारखेला रात्री ८ च्या आत कौंटीच्या हातात हवी. शिवाय गोपनीयतेचं आतलं पाकीट विसरलं तर मत बाद, आणि बाहेरच्या पाकिटावर सहीबरोबर हाताने तारीख घालायची. हडसन नदीच्या बाजूचे, म्हणजे न्यू जर्सी-न्यू यॉर्कचे लोक इकडे राहायला आले की जुन्याच हिशेबाने चालतात. कृपया तसं करू नका. परदेशात राहणाऱ्यांचे आणि सैन्यातल्यांचे नियम निराळे, ते इथे लावू नका.

मृण्मयी_एडिसन
खूप आभार! म्हणजे रविवारच्या आत पेटीत. मग नवऱ्याचं?

रारिटनकाठ
त्याच्यासाठी सोपं आहे. शनिवार २६ ऑक्टोबरपासून लवकर मतदान सुरू होतंय, कौंटीतल्या कुठल्याही केंद्रावर जाऊन यंत्रावर मत द्यायचं. विमान दुसऱ्या दिवशी आहे ना? तुम्ही दोघींनी मात्र तिथे जाऊ नका. टपाली मतपत्रिका घेतलेल्याला केंद्रावर यंत्र मिळत नाही, तात्पुरती मतपत्रिका देतात आणि टपालाने आधीच मत आलेलं नाही ना, हे तपासल्यावरच ती मोजतात.

त्याला टपालीच हवी असेल तर अर्ज कौंटी क्लर्ककडे, बोर्डाकडे नव्हे. आपल्या एडिसनच्या मिडलसेक्स कौंटीचं क्लर्क कार्यालय न्यू ब्रन्सविकला आहे, तिथे स्वतः गेलं तर मतपत्रिका हातातच मिळते. ही दोन कार्यालयं लोक एकच समजतात.

अटलांटिक_मावशी
सासूबाईंना वाचायला वेळ हवा असेल तर मतपत्रिकेसोबतचे कागद आजच टेबलावर काढून ठेवा. शाळामंडळाचे उमेदवार आणि सार्वजनिक प्रश्न (ज्यांवर हो-नाही मत द्यायचं ते) आधी वाचायला द्या, अध्यक्षपदाचं त्यांचं ठरलेलंच असेल. पेटीत टाकल्यावर राज्याच्या संकेतस्थळावर ‘ट्रॅक माय बॅलट’मध्ये पाकीट मिळाल्याची नोंद दिसते. ती पुण्यातूनही बघता येते, त्यांना जरूर दाखवा.