मदत हवी आहे: एकांकिकेतला हशा चुकीच्या जागी येतोय

मंडळी, देवगडच्या आंब्याच्या बागेत घडणारी ४० मिनिटांची प्रेमकथा बसवतोय. विनोदी आहे. सुट्टीला मुंबईहून आलेली बागायतदाराची नात आणि बागेत हजेरीवर, म्हणजे रोजंदारीवर, पेट्या भरणारा मुलगा, दोघंही सोळा वर्षांचे.

अडलंय ते पेटीच्या प्रसंगात. तो पेंढ्यावर पाच डझनाची पेटी रचतोय. ती मधलाच हापूस उचलून हुंगते आणि भलत्याच जागी ठेवते. तो न बोलता अख्खा थर काढून परत लावतो. हे तीनदा होतं. इथे लोकांनी तिच्या बेफिकिरीवर हसावं आणि तिसऱ्यांदा त्याच्या हजेरीची काळजी वाटावी, एवढंच मला हवंय.

तालमीला आलेले मात्र त्याच्या मालवणीवरच हसले. म्हणून त्याला प्रमाण मराठी दिली, तर तो मुलगा त्या बागेतला वाटेचना. मग तिला जास्त वेंधळी केली, तर त्याचा जीव तिच्यावर का जडावा तेच पटेना. मालवणी मला सोडायची नाही. नट मालवणचाच आहे, त्यामुळे उच्चार चोख आहेत. पात्रं पाचच, नेपथ्यात एक खळं (घरापुढचं अंगण) आणि पेट्या. नवं पात्र किंवा गाणं घालता येणार नाही. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे (प्रयोगाआधी संहिता तपासणारं सरकारी मंडळ) पाठवायची असल्याने संवाद याच आठवड्यात पक्के करायचे आहेत.

तिसऱ्या वेळी त्याने तोंड उघडावं, की तिलाच चूक कळून तिने थर लावायला बसावं?