घोड्यांच्या आवारातील तण जनावरांना अपाय न होता कसे काढावे?

नमस्कार. आमच्याकडे दोन घोड्या आणि एक सहा महिन्यांचे शिंगरू आहे. तबेल्याभोवती आणि कुरणात गाजरगवत माजले असून कुंपणाच्या कडेने घाणेरी पसरली आहे. परवा शिंगराच्या ओठांतून घाणेरीची अर्धवट चावलेली डहाळी मी बोट घालून काढली, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. तणनाशक मारावे का? काहींनी मीठ आणि व्हिनेगर फवारण्यास सुचवले आहे. अनुभवींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

शिंगराच्या पोटात काही गेले असण्याची शंका असेल, तर आधी पशुवैद्यांना कळवा. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेले विष त्याला बाहेर टाकता येत नाही.

मीठ मुळीच वापरू नका. त्याने जमीन नापीक होते, शिवाय घोडे मीठ आवडीने चाटतात, म्हणजे जिथून त्यांना दूर ठेवायचे तिथेच आपण त्यांना बोलावतो. स्वयंपाकघरातील व्हिनेगरने कोवळ्या तणाची पाने करपतात, पण मुळे जिवंत राहून तण पुन्हा फुटते.

घाणेरी कुदळीने मुळासकट खणून काढा. आवारात कण्हेर असेल, तर तिला सर्वांत आधी हलवा. तिचे वाळलेले पानसुद्धा घोड्याच्या हृदयाला घातक ठरते. गाजरगवत पाऊस पडून गेल्यावर, जमीन ओली असताना आणि फुलोरा येण्यापूर्वी उपटावे, कारण एकच झाड हजारो बिया टाकते. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, कारण गाजरगवताने अंगाला खाज सुटते.

तणनाशक मारायचेच असेल, तर वारा नसताना, घोडे दुसऱ्या कुरणात हलवून मारा आणि लेबलवर दिलेला चराईबंदीचा काळ काटेकोरपणे पाळा. मात्र फवारणी सुकली म्हणजे धोका टळला, असे समजू नये. माझ्या मते खरी जोखीम त्यानंतरच असते, कारण कोमेजणाऱ्या काही विषारी वनस्पतींचा कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसेच राहते, आणि एरवी ज्याला घोडा नाक मुरडतो तेच तो खाऊ लागतो. मेलेले तण पूर्णपणे गोळा करून आवाराबाहेर नेल्याशिवाय घोडे परत सोडू नका.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. घाणेरी उद्याच खणायला घेते. लीद आम्ही भाजीच्या वाफ्यांत घालतो, ते चालू ठेवावे का?

उत्तर २

हा प्रश्न विचारलात हे फार बरे झाले. अमिनोपायरालिड असलेले तणनाशक गवतातून घोड्याच्या पोटात आणि तिथून लिदीत जसेच्या तसे उतरते. अशा खताने टोमॅटो आणि शेंगभाज्यांची पाने आकसून वेडीवाकडी होतात. विकतच्या गवतावर ते फवारले होते का, हेही विचारून घ्या. असे तणनाशक नसलेली लीद ढीग करून, अधूनमधून उलथून कुजवावी. ढीग आतून ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापला की तणाच्या बहुतेक बिया मरतात. ताजी लीद कुरणात पसरू नये.

आणखी एक: गवत तीन-चार इंचांखाली खुडले जाण्याआधीच घोडे दुसऱ्या भागात न्यावेत. दाट गवतात तणाला ऊन मिळत नाही, उघड्या मातीत मात्र ते आधी शिरते. मेंढ्या पाळणे शक्य असल्यास त्या घोड्यांमागोमाग सोडा. घोडे टाळतात ते बरेचसे तण त्या खातात.