मदत हवी आहे : १९८३ची पद्मिनी, ब्रेकचं सामान आणि नागपूरचं ऊन

नमस्कार मंडळी,

घरी १९८३ची प्रीमियर पद्मिनी आहे. आत्याने नवी घेतली होती. नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत शिकवायला ती हीच गाडी चालवत जायची. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तिने किल्ली माझ्या हातात दिली. कागदपत्रं चोख आहेत, इंजिन मूळचंच १०८९ सीसीचं आहे आणि स्टिअरिंगजवळचा गिअरही अजून लोण्यासारखा पडतो. मला ही गाडी कव्हर घालून शोभेला ठेवायची नाही. कधी रामटेक, कधी आदासा आणि एरवी बाजारहाट, एवढं तिने करायलाच हवं. पुढचं सगळं त्या दृष्टीने वाचावं.

सगळ्यात आधी ब्रेक, कारण त्यावाचून बाकीचं सगळं फुकट आहे. चारही चाकांना ड्रम आहेत, हायड्रॉलिक आहे, पण आमच्या गाडीत सर्किट, म्हणजे ब्रेक ऑइलचा मार्ग, एकच आहे. एका चाकाचा व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने ब्रेक लावणारी चाकातली नळी) गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो आणि भरवसा फक्त हँडब्रेकवर राहतो. मागच्या डाव्या चाकाला गळती सुरू झाली तेव्हा इथल्याच एका दुकानातून रबर किट आणून टाकलं. पाकिटावर नाव ओळखीचं होतं, छपाई मात्र पुसट होती. काही आठवड्यांतच पेडल मऊ लागायला लागलं. ड्रम उघडला तर कपची (सिलिंडरमधल्या रबरी वाटीची) कड फुगून लिबलिबीत झालेली, आणि चोळली की अंगठ्याला काळं लागत होतं. ब्रेक ऑइल डॉट थ्री या दर्जाचंच होतं, सीलबंद डबा फोडून भरलेलं. म्हणजे रबरच चुकीचं. ब्रेक ऑइलमध्ये टिकणारं रबर वेगळं असतं आणि पेट्रोल किंवा इंजिन ऑइलमध्ये टिकणारं वेगळं. दिसायला दोन्ही काळीच, त्यामुळे गिऱ्हाइकाला काउंटरवर काही कळत नाही. असा माल ब्रेकच्या नावाखाली विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो.

तेव्हापासून गाडी अंगणातच उभी आहे. सिलिंडरच्या आत गंजाचे बारीक खड्डे पडलेत. मिस्त्री म्हणतात, होनिंग करून, म्हणजे आतून घासून, घेऊ. पण खड्डे जाईपर्यंत घासलं तर बोर (आतला व्यास) मोठा होतो, मग मापाचा कप त्यात सैल बसणार. जुन्याच सिलिंडरमध्ये पितळेची किंवा स्टीलची स्लीव्ह (आतलं नळीसारखं अस्तर) बसवून मूळ मापाला बोर करून देणारा लेथवाला नागपुरात कोणाच्या माहितीत आहे का? हिंगणा एमआयडीसीत कोणी हे काम करत असेल तर मी सिलिंडर घेऊन जाईन. आणि दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) कोणी पद्मिनीला बसवला आहे का? त्यासाठी पाइपांची मांडणी कशी बदलली?

दुसरा प्रश्न उन्हाचा. एप्रिल लागला की बर्डीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी गरम होऊन बंद पडते. रात्री किंवा थंडीत असं कधीच होत नाही. रेडिएटर साफ करून घेतलाय, तापमानाचा काटाही लाल भागात जात नाही. बंद पडली की आधी एका प्लगची वायर काढून ठिणगी बघते, ती निळी आणि कडक असते. म्हणजे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर ठीक. मग एअर क्लीनर उतरवून कार्बोरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटल हलवते. पेट्रोलची बारीक धार दिसायला हवी, ती येत नाही. पंपावर ओलं फडकं टाकून बॉनेट उघडं ठेवलं की थोड्या वेळाने एका सेल्फमध्ये चालू. पंपाचा डायफ्राम नवा आहे, टाकी उतरवून धुतली आहे, फिल्टर बदललाय. आता सगळीकडे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे, त्याचा यात कितपत हात असेल? आणि रबराचे पाइप कोणते घालावेत?

तिसरं, सामान मिळवायचं कुठून? आजवर मुंबईतून टॅक्सीवाल्यांच्या ओळखीने बरंच यायचं. टॅक्सीत इंजिन दुसरं असलं तरी खालचं सामान तेच, त्यामुळे किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा), पाटे, दाराची कुलपं मिळून जायची. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी नाही आणि तो झरा आटला. मला सध्या पुढच्या डाव्या चाकाचा किंगपिन सेट, दारांचं बीडिंग आणि काचेखालचं रबर हवंय.

भाव थोडा जास्त असला तरी चालेल. माल खात्रीचा हवा.

पानापक्कड :

ताई, गाडी उभी केली हे लय चांगलं केलं. किंगपिन मागवायच्या आधी एक करून बघा. चाक जॅकवर उचला, वरून आणि खालून धरून हलवा आणि दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग ढिलं आहे. तरीही हलत असेल तर मग किंगपिन. आमच्याकडे लोक किंगपिन बदलून येतात आणि चाक तसंच हलून राहतं. पण ही तपासणी ब्रेक धरायला लागल्यावरच करा, आत्ता पेडल मऊ असताना फसगत होईल.

पंपाचं म्हणाल तर तुमचा अंदाज बरोबर आहे. आपला पंप इंजिनलाच बोल्टने बसवलेला आणि टाकी पार मागे. पंप पेट्रोल ओढतो, म्हणजे मागच्या पाइपात दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. वाफ झाली की पंप नुसता हवा मारत बसतो. आपल्या मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये उभी गाडी, बॉनेटखाली वारा नाही, मग दुसरं काय होणार! पंप आणि इंजिनच्या मध्ये जाड फायबरचं पॅकिंग घाला, पण तेवढ्याच हिशोबाने पंपाचा दांडा पोचतोय का ते बघा. एक्झॉस्टच्या बाजूने पत्र्याची आड लावा. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टजवळून जात असेल तर तो आधी लांब घ्या.

कुर्ल्याचा :

मी मुंबईहून लिहितोय. ताई, टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप लावला की हा त्रास बहुतेक संपतो, कारण मग पेट्रोल ओढलं जात नाही, ढकललं जातं. पण कार्बोरेटरच्या गाडीचा, कमी दाबाचाच पंप घ्या. तीन पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास पुरे. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर नीडल व्हॉल्व्ह (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी सुई) उचलला जाऊन पेट्रोल इंजिनवर वाहील, आणि ती आगीची तयारी. इंजिन बंद झालं की पंपही बंद झाला पाहिजे, त्यासाठी ऑइल प्रेशर स्विचवरून वायर घ्या.

ई-२०बद्दल. इथेनॉल जुनं रबर खातं, ओलावा ओढून घेतं आणि गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत गंज धरतो. पाइप व्हायटॉनचे (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे) मागा. नुसतं 'पेट्रोल पाइप' म्हटलं तर साधा हातात ठेवतील. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणून प्लगचा रंग बघा. पांढरट दिसत असेल तर मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) एक नंबर मोठा करून बघा.

सामानासाठी दिल्लीच्या काश्मिरी गेटला विचारा. जुना पडून असलेला मालही निघतो. धातूचा भाग कितीही वर्षं पडलेला चालेल, रबर मात्र ताजंच घ्या. वीस वर्षं पाकिटात असलेलं रबर मूळ कंपनीचं असलं तरी कडक झालेलं असतं. आणि व्हिंटेज नोंदणीचा (जुन्या गाड्यांच्या खास नोंदणीचा) विचार केलात का?

धागाकर्ती :

दोघांचे मनापासून आभार. पेट्रोलचा पाइप खरंच एक्झॉस्टच्या अगदी जवळून जातोय, आज वाकून पाहिलं. आधी तो लांब घेते, पत्रा लावते, पाइप बदलते आणि एक उन्हाळा बघते. इलेक्ट्रिक पंप त्यानंतर.

व्हिंटेज नोंदणीला गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, २०२१च्या नियमाप्रमाणे. आमची त्या वयाला २०३३मध्ये पोचेल. शिवाय तशी नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही, आणि मला तर नेमकं तेच करायचंय. त्यामुळे साधीच नोंदणी दर पाच वर्षांनी पुढे चालू ठेवणार. फिटनेसला ब्रेक तपासतात, तोही एक अंकुश बरा.

पानापक्कड दादा, ब्रेक दाबून चाक हलवायची युक्ती ब्रेकचं काम झाल्या झाल्या करून बघते, तोवर किंगपिनची ऑर्डर थांबवली आहे. स्लीव्हचं काम करणारा लेथवाला मात्र अजून सापडलेला नाही. नागपूर, वर्धा, अमरावती कुठेही असेल तर सांगा. आणि व्हील सिलिंडरवर कोरलेला मापाचा आकडा आमच्या गाडीत झिजून गेलाय. १९८०च्या दशकातली पद्मिनी ज्यांच्याकडे आहे त्यांनी पुढच्या आणि मागच्या सिलिंडरवरचा आकडा वाचून इथे लिहिला तर फार मदत होईल.